आरशातला रस्ता

रविवारी कुठं जायचं ते गुरुवारीच ठरवावं लागतं.
प्रयोगशाळेतल्या रद्द रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला
मी अंबाजोगाईचं टिंब काढते,
टिंबातून चार रेघा.

केज नको. डंपर फार, साईडपट्टी नावालाच.
परळीचा घाट देखणा, पण राखेच्या गाड्या.
मागच्या खेपेला तोंड पुसलं तर रुमाल करडा.
लातूर सरळ. इतका सरळ
की पायडल मारता मारता माणूस
आयुष्याचे हिशेब काढत बसतो.
उरलं धारूर, आडसवरून,
आणि धारूरच्या पुढं घाट.

मोबाईल निळी रेघ ओढून मोकळा होतो.
चढ किती, वेळ किती, सगळं सांगतो.
कुठल्या वस्तीवरची कुत्री चाकाला लागतात
आणि सकाळी सातला कोणाची चूल पेटलेली असते
हे त्याला विचारून उपयोग नाही.

म्हणून संध्याकाळी बसलिंगआप्पांकडं.
एकतीस वर्षं एस.टी. चालवली त्यांनी,
आता गुडघ्यांना निर्गुडीचा पाला बांधून ओट्यावर.
डोळे मिटून रस्ता सांगतात, गिअरमध्ये:
"आडस सोडलं की तिसरा.
पुलाजवळ खाली ये, तिथं डांबर खचतंय दरसाल.
माघाचा वारा उगवतीचा,
येताना तोंडावर घेशील, दम राखून जा."
माझी पेन्सिल त्यांच्या क्लचमागं धावते.

मग मी विचारलं,
"आप्पा, बघण्यासारखं काय आहे त्या रस्त्याला?"

आप्पांनी डोळे उघडले.
"मला कामून विचारायलीस?
मी रस्ता बघितला बाई. पन्नास जीव पाठीमागं."

बराच वेळ पाला सारखा करत राहिले.
"पण एक सांगतो.
घाट चढताना, खालून तिसऱ्या वळणावर,
आरशात बघायचो तर सगळी मुंडकी डावीकडं.
भांडणारे गप. झोपलेले जागे.
एकदा एक नवरी रडायची थांबली.
आठवडी बाजाराला तर पाटीतल्या कोंबड्याबी.
काहीतरी असेल तिथं."

मी कागदावर तिसऱ्या वळणाला गोल केला.

रविवार. पाच जणं निघालो,
आडसला चार राहिलो; झुबेरचं टायर फाटलं.
दोन्ही हातांना ज्वारी पोटऱ्यात आलेली नाही,
पार हुरड्यात होती, आणि मधे मधे करडई,
पिवळी, काटेरी, कोणाला जवळ येऊ न देणारी.
घाट आधी उतरलो. ब्रेक दाबून बोटं बधिर.
मग वळलो, चढायला लागलो.
एक वळण. दोन. छातीत भाता.
तिसऱ्याला पाय टेकवला आणि डावीकडं बघितलं.

दोन डोंगरांच्या बेचक्यात एवढंसं तळं.
तळ्यात म्हशी, नुसत्या पाठी वर,
काळ्या दगडांसारख्या.
मग त्यातला एक दगड चालायला लागला.
बस्स.
एवढ्याचसाठी कोणी तिकीट काढणार नाही.
मी मात्र पाण्याची बाटली रिकामी होईपर्यंत तिथंच.

संध्याकाळी ओट्यावर सांगितलं.
फोटो दाखवायला गेले तर हात आडवा.
"राहू दे. म्हशी होत्या म्हणतीस?"
"हो."
"किती?"
मी मोजल्या नव्हत्या.
आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं
जसं चिल्लर कमी आणणाऱ्या कंडक्टरकडं.

या गुरुवारी पुन्हा पाठकोरा कागद.
टिंब तेच. रेघ तीच, पण या वेळी जाड:
झुबेरच्या मेव्हण्याची जीप, मागं आमच्या सायकली.
आप्पांनी दोनच अटी घातल्यात.
बसणार डाव्या खिडकीला.
आणि तिसऱ्या वळणाच्या अलीकडं
पोराला दुसरा टाकायला आपणच सांगणार,
मान न वळवता.